यादीतलं नाव

१० मे २०२३, बुधवार. कर्नाटक विधानसभेचं मतदान. त्या वेळी १ एप्रिलपर्यंत ज्यांना १८ वर्षं पूर्ण झाली होती त्यांना मत देता येणार होतं. मी फेब्रुवारीतच १८ ची झाले होते, म्हणून माझं नाव यादीत बसलं. सकाळी आजीला घेऊन गावच्या शाळेत गेले. माझं नाव अर्ध्या मिनिटात सापडलं. आजीचं सापडेना.

टेबलावरचा माणूस पानं पुढे-मागे करत होता. आजी शांत उभी. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी कार्डावरचा नंबर एकेक आकडा जुळवत गेलो, तेव्हा नाव मिळालं. मिळालं म्हणजे काय, कन्नडमध्ये जे लिहिलं होतं ते वाचल्यावर मला ते आजीचं वाटलंच नसतं. मधलं एक अक्षर बदललेलं, शेवटचं गळलेलं. पण नंबर जुळला, फोटो जुळला, आत बसलेल्या अधिकाऱ्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि आजीच्या बोटाला शाई लागली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ते नाव माझं न्हाई, पण मत माझंच पडलं न्हवं?"

तेव्हा मी हसले होते. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, आळंदची बातमी देशभर गाजली आणि तो प्रसंग पुन्हा आठवला. या वेळी हसू आलं नाही.

आळंद आपल्या वाचकांना सांगायला नको. कलबुर्गी जिल्ह्यातला, अक्कलकोट आणि उमरग्याला लागून असलेला तालुका. बाजारात कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात ऐकू येतात. आमचं गाव त्या मतदारसंघात नाही, शेजारच्या मतदारसंघात आहे. पण सोयरिकी तिकडे आहेत, त्यामुळे बातमी परकी वाटली नाही.

घडलं ते थोडक्यात असं. २०२३ च्या निवडणुकीआधी, २०२२ च्या अखेरीस, आळंद मतदारसंघात मतदार यादीतून नावं काढण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. यादीतल्या नावावर हरकत घ्यायची किंवा ते काढा म्हणायचं तर 'फॉर्म ७' भरतात, तेच हे अर्ज. एका बीएलओच्या लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या नातेवाइकाचं नाव काढायचा अर्ज आलाय. अर्जदार म्हणून शेजाऱ्याचं नाव. शेजाऱ्याला विचारलं तर त्याला काही पत्ताच नाही. मग तक्रारी झाल्या, अधिकाऱ्यांनी घरोघरी पडताळणी केली. ६,०१८ पैकी खरे निघाले फक्त २४. उरलेले ५,९९४ अर्ज चुकीचे ठरून फेटाळले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. एका अर्जामागे ८० रुपये दिले गेले, असं त्या तपासाच्या हवाल्याने पेपरात छापून आलं.

कोणी केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, ते कोर्ट ठरवेल. मी इथे कोणत्याही पक्षाची वकिली करायला बसलेली नाही. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की अर्ज ऑनलाइन आला म्हणून नाव आपोआप जात नाही, आळंदमधला प्रयत्न फसला आणि गुन्हाही आयोगाच्या अधिकाऱ्यांनीच नोंदवला. हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पण मला खटकतं ते वेगळंच. हा प्रयत्न फसला तो एका बाईने आपल्या घरातलं नाव ओळखलं म्हणून. ती बीएलओ नसती, किंवा ते नाव तिच्या नात्यातलं नसतं तर? यंत्रणेने चोर पकडला, पण चोराचा पाय लागून भांडं पडलं तेव्हा यंत्रणा जागी झाली.

आता काही मित्र म्हणतील, सहा हजार नावं गेली असती तरी काय मोठं? मतदारसंघात लाखाच्या वर मतं पडतात. त्यांच्यासाठी आळंदचेच आकडे देते. २०१८ मध्ये इथून सुभाष गुत्तेदार निवडून आले ते ६९७ मतांनी. २०२३ मध्ये बी. आर. पाटील निवडून आले ते १०,३४८ मतांनी. ६९७ च्या शेजारी ६,०१८ ठेवून बघा. आणखी जवळचा आकडा हवा असेल तर २००४ साली कर्नाटकातच संतेमरहळ्ळी मतदारसंघात ए. आर. कृष्णमूर्ती एका मताने हरले. ४०,७५१ विरुद्ध ४०,७५२. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या जयनगरचा निकाल १६ मतांनी लागला. 'एका मताने काय होतंय' हे वाक्य निदान कर्नाटकात तरी कोणी बोलू नये.

पण माझा मुद्दा निकालाचा नाहीच. उमेदवार दहा हजारांनी जिंको की दहा मतांनी, ज्या बाईचं नाव तिला न विचारता काढलं तिच्यापुरती निवडणूक शंभर टक्के गेलेली असते. आपण मतदानाच्या दिवसाबद्दल खूप बोलतो. सेल्फी, शाई, 'मतदान हे श्रेष्ठ दान' वगैरे. हक्क मात्र त्या दिवशी मिळत नाही आणि त्या दिवशी जातही नाही. तो मिळतो किंवा जातो त्याच्या सहा महिने आधी, एका यादीत, जी आपल्यापैकी कोणीच वाचत नाही.

ही यादी आणि बायकांची नावं यांचं भांडण जुनं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार नोंदले गेले. नोंदणीला माणसं घरी आली तेव्हा अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असंच लिहून घ्या म्हणाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, मतदार म्हणजे स्वतःच्या नावाचा माणूस. त्यात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. तेव्हा हा निर्णय कठोर वाटला असेल. पण त्याच्या मागचं तत्त्व मला आवडतं. राज्य तुम्हाला म्हणतं, तुझं नाव सांग, नवऱ्याचं नको. मग त्याच राज्याने ते नाव नीट लिहायला आणि नीट जपायला नको का?

सीमेवर हे जपणं जास्त अवघड आहे. का ते माझ्या आजीवरून सांगते.

आजी 'पोलीस अॅक्शन'च्या सालची, म्हणजे १९४८ ची. जन्मली तेव्हा उमरगाही हैदराबाद राज्यात आणि आळंदही हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषेवर वाटली गेली. जुन्या बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. तिचं माहेर उमरग्याकडे, म्हणजे एका बाजूला. लग्न होऊन ती आली आमच्या गावी, म्हणजे दुसऱ्या बाजूला. तेव्हा मताचं वय २१ होतं, १८ झालं ते १९८९ मध्ये. (म्हणजे आज मी २१ ची आहे, आजीच्या काळात मी आत्ता कुठे मतदार झाले असते.) ती म्हैसूर राज्याची मतदार झाली आणि १९७३ मध्ये जागेवरून न हलता कर्नाटकाची झाली.

या प्रवासात तिची नावं किती? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत एक. माहेरी हाक मारायचे ते दुसरं. सासरी लग्नात बदललेलं तिसरं. मराठीत सांगितलेलं ते नाव कोणीतरी कन्नडमध्ये लिहिलं, कन्नडवरून कोणीतरी इंग्रजीत केलं, ते चौथं आणि पाचवं. साहित्याच्या वर्गात आपण लिप्यंतर शिकतो ना, त्याचा हा रोकडा हिशेब आहे. 'ज्ञानेश्वर' हे साधं नाव घ्या. मराठी माणूस इंग्रजीत ते 'डी'ने सुरू करतो, कन्नड माणूस 'जे' किंवा 'जी'ने. नाव एकच, माणूस एकच, पण कॉम्प्युटरला ते तीन माणसं वाटतात. बायकांच्या नावामागचं 'बाई' एका कागदावर लागतं, दुसऱ्यावर गळतं. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, मतदान कार्डावर तिसरं. कोणी मुद्दाम केलेलं नसतं. पण उद्या कोणी मुद्दाम करायचं ठरवलं तर अशी नावं काढणं सगळ्यात सोपं. कारण 'ही बाई इथली नाही', 'ही लग्न होऊन आली', 'ही तिकडची आहे' हे सीमेवरच्या प्रत्येक सुनेबद्दल म्हणता येतं. आमच्याकडे रोटी-बेटीचा व्यवहार सीमा बघून होत नाही. दर उन्हाळ्यात उमरगा, निलंगा, अक्कलकोटच्या मुली इकडे येतात, इकडच्या तिकडे जातात. मुलगी नांदायला येते, तिचा संसार येतो, नाव मात्र माहेरच्या यादीतच राहतं. ते हलवायला 'फॉर्म ८' असतो हे घरात कोणाला माहीत नसतं. ना इथे मत, ना तिथे.

याच्या उलटही उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर १४ गावं आहेत. त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा, म्हणून तिथल्या लोकांची नावं वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांच्या यादीत. लोक त्यांना हसतात, 'दोन मतंवाले' म्हणतात. पण दोन यादीत असणं आणि एकाही यादीत नसणं, दोन्हीचं कारण एकच. रेषा आखणाऱ्याने माणसं मोजली नाहीत.

एक आक्षेप मला प्रामाणिकपणे घ्यायचा आहे, कारण तो माझ्याच घरातला आहे. यादीत नको ती नावंही असतात. माझे आजोबा वारल्यानंतर किती तरी दिवस त्यांचं नाव यादीत होतं. आम्ही कोणीही 'फॉर्म ७' भरला नाही. आजीच म्हणाली, "राहू दे की, तेवढंच कुठंतरी हाय म्हणायला." भावना समजते. पण मेलेल्याचं नाव यादीत राहिलं की त्याच्या नावाने दुसरं कोणी मत टाकू शकतं. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी ठेवणं कायद्याला मान्य नाही. म्हणजे यादी साफ व्हायलाच हवी. आळंदच्या त्या ढिगातसुद्धा २४ अर्ज खरे होते, हे विसरून चालणार नाही. फॉर्म ७ वाईट नाही. वाईट आहे तो अंधारात भरलेला फॉर्म ७.

म्हणून प्रश्न 'काढायचं की नाही' हा नसून 'कोणासमोर काढायचं' हा आहे. २०२५ मध्ये बिहारमध्ये यादीची विशेष फेरतपासणी झाली. १ ऑगस्टला जो कच्चा मसुदा आला त्यात आधीची सुमारे ६५ लाख नावं नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाळलेल्यांची नावं कारणासकट जाहीर करा, लोकांना बघता येतील अशी. माझ्या मते अलीकडच्या काळातला लोकशाहीबद्दलचा हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी आदेश आहे. कोणाचं नाव काढताय ते मोठ्याने सांगा. एवढंच. आळंदच्या गदारोळानंतर आयोगाने ऑनलाइन अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागू केला, तेही बरं झालं. दुसऱ्याच्या नावाने अर्ज करणं अवघड होईल. पण ओटीपी अर्ज करणाऱ्याला ओळखतो. जिचं नाव जाणार आहे तिला तो ओळखत नाही. तिला ओळखणारी माणसं गावात असतात.

आणि इथे मला आपल्या मंडळाबद्दल बोलायचंय. थोडं लागेल, पण बोलते.

आपण सीमाभागातल्या मराठीबद्दल किती बोलतो! बिदर-भालकीचं नाव घोषणेत यायचं, ते दिवस आपल्या आजोबांचे. महाराष्ट्राने ८६५ गावांवर दावा सांगून सर्वोच्च न्यायालयात केलेली केस २००४ पासून आहे, म्हणजे माझ्याहून मोठी. तिचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोवर या गावांतला मराठी माणूस ज्या राज्यात मत देतो त्या राज्याच्या यादीत तरी त्याचं नाव धड आहे का, हे आपण कधी पाहिलं? निवडणूक आली की सगळे पक्ष महाराष्ट्रातून वक्ते आणतात. आठ दिवस आपल्याशी अगदी शुद्ध मराठीत बोलतात. मग आपण खूश होतो की आपल्या भाषेला मान मिळाला. मला विचाराल तर भाषेचा मान भाषणात नसतो. माझ्या आजीचं नाव तिच्या आईने ठेवलं तसं सरकारी कागदावर लिहिलं गेलं की मराठीला मान मिळाला. मग ते कन्नड लिपीत का असेना. कन्नडशी माझं भांडण नाही. कन्नड वाचता येत होतं म्हणून तर त्या दिवशी आजीचं नाव मी शोधू शकले. माझ्या बरोबरीच्या ज्या मैत्रिणी 'आम्ही मराठी' म्हणून कन्नड शिकायचं टाळतात त्यांना मी हेच सांगते. ज्या लिपीत तुझं नाव लिहिलेलं आहे ती लिपी तरी वाच.

तर माझी सूचना अशी. आपण दर वर्षी काव्यवाचन करतो, कथावाचन करतो. या वर्षी एक यादीवाचन करू या. जुनं चावडीवाचन माहीत आहे ना? सातबाराची नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची, म्हणजे कोणाची जमीन गुपचूप दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये. मत ही तर प्रत्येकाची सारखीच जमीन आहे. मंडळातले दोघं-दोघं मिळून आपापल्या गावी जा. एकाला कन्नड वाचता येत असावं, दुसऱ्याला मराठी. बीएलओना सांगून, ग्रामपंचायतीला विचारून, एखाद्या रविवारी देवळासमोर, मशिदीच्या कट्ट्यावर, आमच्याकडे मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात, आपल्या बूथची यादी मोठ्याने वाचा. एका बूथवर साधारण हजारभर नावं. दोन-अडीच तासांचं काम. म्हाताऱ्या बायका स्वतःच सांगतील, ही वारली, ही मुंबईला गेली, ही आमची सून हिचं नाव कुठंय, आणि हे काय लिवलंय हे माझं नाव न्हाई. जे चुकलंय त्याचा फॉर्म ८, जे राहिलंय त्याचा फॉर्म ६, आणि जे खरंच काढायचंय त्याचा फॉर्म ७. गावासमोर, गावाच्या साक्षीने.

यात राजकारण नाही असं मी म्हणणार नाही. कोणाला तरी ते नको असेलच. पण यात पक्ष नाही. यादी वाचताना कोण कोणाला मत देणार ते विचारायचं नसतं.

आणि हो, सुरुवात स्वतःपासून. होस्टेलवर राहणाऱ्यांनी आपलं नाव कुठे आहे ते आज बघा. गावी ठेवायचं की इथे आणायचं हे तुम्ही ठरवू शकता, पण एकाच ठिकाणी. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे, नाही जमलं तर १९५० ला फोन लावा. पुढची विधानसभा २०२८ मध्ये. तेव्हा भरपूर वेळ आहे असं वाटेल. आळंदचे अर्ज मतदानाच्या काही महिने आधीच आले होते.

गेल्या सुट्टीत मी आजीचा फॉर्म ८ भरत होते. ती शेजारी येऊन बसली. "काय बघलालीस गं मोबाइलात?" मी सांगितलं, तुझं नाव नीट करतेय. तिने सावकाश, एकेक अक्षर तोडून सांगितलं, जसं तिच्या आईने ठेवलं होतं तसं. मी तिला म्हटलं, तुझ्याबद्दल कॉलेजच्या अंकात लिहू का, नावासकट? ती म्हणाली, "पेपरात नको माझं नाव. यादीत असू दे."

म्हणून या लेखात तिचं नाव नाही.